फोनवरचा आकडा आणि अंगावरचं ऊन

(आमच्या पॉडकास्टवरच्या भाषणाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



३० मे २०२४. नागपूरचा एक आकडा त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. ५६ अंश सेल्सिअस! स्क्रीनशॉट, स्टेटस, "नागपूरनं जगाचा रेकॉर्ड मोडला" वगैरे वगैरे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो फॉरवर्ड केलाही असेल. नंतर हवामान खात्यानं खुलासा केला की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शहरातल्या दुसऱ्या केंद्रांवर तापमान ४४च्या आसपास होतं. झालं! लोक म्हणाले, "हात्तिच्या, ४४च का?" आणि विषय संपला.

माझं काम हवामानाच्या टोकाच्या घटनांवर आहे. उष्णतेच्या लाटा, ढगफुटीसारखा पाऊस, त्यांचा धोका किती, तो का वाढतोय, आणि आपण काय करू शकतो. तर मला त्या दिवशी ५६ची काळजी नव्हती, कारण तो आकडा खोटा असणार हे उघड होतं. भारतात आजवर नोंदलेलं सगळ्यात जास्त तापमान ५१ अंश आहे, राजस्थानात फलोदीला, मे २०१६ मधलं. मला काळजी होती ती त्या "४४च का?" ची. कारण ४४ला माणसं मरतात. ३८लाही मरतात. आणि ती मरतात तेव्हा बातमीत त्यांचा आकडा येतोच असं नाही.

आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. फोनवर दिसणारा आकडा म्हणजे तुमच्या अंगावरचं ऊन नाही. या दोघांमध्ये एक अंतर आहे, आणि माणसं त्या अंतरात मरतात. ते अंतर कमी करणं म्हणजेच हवामान-अनुकूलन. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे.

आकडा नेमका कशाचा?

आधी बघू की तापमान मोजतात कसं. हवामान खात्याच्या वेधशाळेत पांढरी, झडपांच्या भिंतींची एक लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर, आत थर्मामीटर. ऊन थेट लागत नाही, हवा खेळती राहते. जगभर अशीच पद्धत आहे, म्हणून पुण्याचं तापमान आणि पॅरिसचं तापमान यांची तुलना करता येते. शास्त्रासाठी हे उत्तमच.

पण त्या पेटीत कोण राहतं? कोणीच नाही. ते सावलीतल्या, वारा असलेल्या हवेचं तापमान आहे. आता दुपारी दोन वाजता डांबरी रस्त्यावर, हेल्मेट घालून, पाठीवर जेवणाची बॅग घेऊन सिग्नलला उभा असलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. वरून ऊन, खालून तापलेला रस्ता, बाजूला बसच्या इंजिनाची धग. किंवा पत्र्याच्या खोलीत स्टोव्हपाशी चपात्या लाटणारी बाई. या दोघांच्या फोनवर आकडा तोच दिसतो, जो एसीत बसलेल्या माणसाच्या फोनवर दिसतो. शरीराला मात्र तिघांचं हवामान वेगळं.

आणि इथे अजून एक गोष्ट येते, जी फोनवर बारीक अक्षरात असते आणि आपण बघत नाही. आर्द्रता. म्हणजे हवेतला दमटपणा.

माठ, कूलर आणि घाम

विदर्भातल्या लोकांना विचारा, उन्हाळा कशावर काढता? कूलरवर. खिडकीला मोठा कूलर, त्यात वाळ्याच्या ताट्या, वर पाणी सोडलेलं. खोली थंडगार. तोच कूलर अलिबागला किंवा रत्नागिरीला नेऊन लावा. अंग चिकचिकीत होईल, गारवा काही मिळणार नाही. का?

कारण कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी थंड होतं तेही असंच. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. पण हवा आधीच दमट असेल तर तिच्यात आणखी वाफ मावत नाही. म्हणून पावसाळ्यात माठातलं पाणी तितकं गार लागत नाही.

आपलं शरीर हा असाच एक माठ आहे. नुसते बसून असलात तरी तुमचं शरीर साधारण जुन्या १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता तयार करत असतं. चालायला लागलात, ओझं उचललंत, की त्याच्या कितीतरी पट. ही उष्णता बाहेर टाकावीच लागते, कारण आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात त्वचेचं तापमान ३५च्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून गरम झाली की शरीराकडे एकच रस्ता उरतो: घाम. आणि लक्षात ठेवा, घाम येणं पुरेसं नाही, तो वाळला पाहिजे. अंगावरून निथळून खाली पडलेला घाम फुकट गेला.

हे मोजायची एक जुनी, सोपी युक्ती आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. पाणी उडतं, पारा उतरतो. जिथे थांबतो, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. म्हणजे पाणी उडवून जास्तीत जास्त किती गार होता येईल, ती खालची मर्यादा.

आता हिशोब बघा. तापमान ४५ आणि आर्द्रता १० टक्के, म्हणजे चंद्रपूरची कोरडी दुपार समजा. वेट बल्ब येतं २१-२२च्या आसपास. आणि तापमान ३६, आर्द्रता ६० टक्के, म्हणजे किनाऱ्यावरची घुसमट. वेट बल्ब येतं २९च्या आसपास! फोनवर चंद्रपूर लालभडक दिसेल, आणि किनाऱ्यावरचं ३६ बघून कोणी वळूनही पाहणार नाही. पण शरीराला स्वतःला गार करायची संधी किनाऱ्यावर खूप कमी आहे. याचा अर्थ चंद्रपूर सुरक्षित आहे असा मुळीच नाही. कोरड्या उन्हात शरीर घामावाटे भराभर पाणी आणि मीठ गमावतं, आणि ते भरून काढलं नाही तर तेही जिवावर बेततं. सांगायचा मुद्दा एवढाच, की धोका दोन वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि एकट्या तापमानाच्या आकड्यात दुसरी वाट दिसतच नाही.

बरीच वर्षं शास्त्रज्ञ म्हणायचे की वेट बल्ब ३५ झालं की माणूस काही तासांत मरेल. ते गणित २०१० मध्ये मांडलं गेलं होतं. नंतर अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात प्रत्यक्ष माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग झाले. तरुण, धडधाकट मुलंमुली, अगदी तुमच्या वयाची. आणि दिसलं असं की दमट हवेत ३१च्या आसपासच शरीराचा तोल सुटायला लागतो, आतलं तापमान चढत जातं. तेही अगदी हलकं काम करताना. म्हणजे आपल्याला वाटत होती त्यापेक्षा मर्यादा बरीच खाली आहे. आणि ही तरुणांची मर्यादा आहे. आजीची नाही, बाळाची नाही, हृदयविकाराच्या गोळ्या घेणाऱ्या काकांची नाही.

१६ एप्रिल २०२३. नवी मुंबईत खारघरला भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला, लाखो लोक मैदानात बसले होते. उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशीचं तापमान ३८च्या आसपास होतं. विदर्भातला माणूस म्हणेल, ३८ म्हणजे काहीच नाही. पण किनाऱ्याजवळची हवा, डोक्यावर छप्पर नाही, तासन्‌तास एका जागी बसलेलं. म्हणूनच हवामान खात्याचे निकषही वेगवेगळे आहेत. मैदानी भागात तापमान किमान ४० झालं की उष्णतेच्या लाटेचा विचार होतो, किनारपट्टीवर ३७ला, डोंगराळ भागात ३०ला. सोबत ते त्या जागेच्या सरासरीपेक्षा किती वर गेलंय तेही बघतात.

रात्र वैऱ्याची

आता दुसरी न दिसणारी गोष्ट. रात्र.

आपण सगळे दुपारच्या कमाल तापमानाची चर्चा करतो. किमान तापमान कोणी स्टेटसला लावत नाही. पण शरीर दिवसभराच्या उष्णतेतून सावरतं ते रात्री. रात्र गार झाली नाही, तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवशीच्या थकव्यावर चढतं. तिसऱ्या दिवशी आणखी. लाटेत पहिल्या दिवसापेक्षा तिसरा-चौथा दिवस घातक ठरू शकतो, तो यामुळे. आणि शहरं रात्रीच जास्त त्रास देतात. सिमेंट, डांबर, काच दिवसभर उष्णता पितात आणि रात्रभर ओकत राहतात. वर एसीच्या बाहेरच्या युनिटमधून शेजाऱ्याची गरम हवा तुमच्या खिडकीत!

२००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७०,००० हून जास्त माणसं उष्णतेनं गेली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,०००. ऑगस्टमध्ये पॅरिसला दुपारी तापमान ३९पर्यंत गेलं, पण रात्रीही ते २५च्या खाली येईना. आपल्याला हसू येईल, २५ म्हणजे आपल्याकडे एसीवर लावतात तो आकडा. पण तिथली घरं थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली, बहुतेक ठिकाणी पंखेसुद्धा नाहीत, शरीराला सवय नाही. आणि गेले कोण? बहुतेक म्हातारी माणसं, बरीचशी एकटी राहणारी. नंतरच्या अभ्यासात दिसलं की अगदी छपराखालच्या खोलीत झोपणाऱ्यांना धोका जास्त होता. आपल्याकडची पत्र्याखालची खोली आठवली ना?

अमेरिकेत शिकागोमध्ये जुलै १९९५ च्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं तिथल्या दोन शेजारशेजारच्या वस्त्यांची तुलना केली. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे भरपूर, ऊन तर एकच. पण एका वस्तीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. फरक काय होता? एका वस्तीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं पायऱ्या उतरून खाली यायची, दुकानात जरा गारव्याला बसायची, दिसली नाहीत तर कोणीतरी चौकशी करायचं. दुसऱ्या वस्तीत रस्ते ओस होते आणि लोक भीतीनं दारं-खिडक्या लावून घरात होते. म्हणजे एका ठिकाणी शेजारानं माणसं वाचवली. हे थर्मामीटरमध्ये दिसत नाही.

"हे हवामान बदलामुळे आहे का?"

हा प्रश्न मला प्रत्येक लाटेनंतर, प्रत्येक पुरानंतर विचारला जातो. पूर्वी आम्ही एक ठरलेलं उत्तर द्यायचो: "कोणत्याही एका घटनेबद्दल असं सांगता येत नाही." आता ते उत्तर जुनं झालं. २००४ मध्येच ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की माणसानं केलेल्या प्रदूषणामुळे युरोपातल्या २००३ सारख्या उन्हाळ्याची शक्यता किमान दुप्पट झाली. आज फ्रेडरिके ओटो यांचा वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन हा गट लाट ओसरल्यावर काही दिवसांत असा हिशोब मांडतो.

पद्धत कशी? सापशिडीतला फासा घ्या. सहा पडण्याची शक्यता सहात एक. आता कोणीतरी फाशाला गुपचूप शिसं लावलं आणि सहा वारंवार पडायला लागले. एखादा सहा बघून तुम्ही सांगू शकत नाही की हा शिशामुळेच पडला. पण चांगला फासा हजार वेळा टाका, बिघडवलेला हजार वेळा टाका, आणि मोजा. फरक कळतो. आम्ही तेच करतो. एक आजचं जग, आणि एक संगणकातलं जग, जिथे कोळसा-पेट्रोल जाळून वाढलेला कार्बन डायऑक्साइड नाही. सोबत जुन्या नोंदी. दोन्ही जगांत ही लाट किती वेळा येते ते बघायचं.

२०२२ चा मार्च आठवतोय? १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला तो सगळ्यात गरम मार्च होता. त्या मार्च-एप्रिलच्या लाटेबद्दल निष्कर्ष निघाला की हवामान बदलामुळे तिची शक्यता सुमारे ३० पट झाली. पुढच्या वर्षी एप्रिल २०२३ मध्ये भारत आणि बांगलादेशात जी दमट लाट आली, तिची शक्यता किमान ३० पट. खारघरची घटना याच एप्रिलमधली. ३० पट म्हणजे काय? समजा एखादी गोष्ट पूर्वी तीनशे वर्षांत एकदा होत असेल, तर ती आता दहा वर्षांत एकदा. पणजोबांना गोष्ट म्हणूनही ठाऊक नसलेली लाट तुम्ही नोकरीच्या काळात तीन-चार वेळा बघणार.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०२० मध्ये देशाच्या हवामानाचा एक मोठा अहवाल आला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. कोणी म्हणेल, ०.७ म्हणजे काय हो? पण सरासरी थोडी सरकली की टोकाच्या घटना खूप सरकतात. वर, गरम हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला सुमारे ७ टक्के. म्हणून पाऊसही टोकाचा होतो आणि घुसमटही वाढते. कारखाने-गाड्या-कोळशाचे धूर बंद करत जाणं हाच मूळ इलाज, त्याला पर्याय नाही. पण जी उष्णता आजच आपल्या दारात आली आहे, तिच्यासाठी काय?

अहमदाबादनं काय केलं

इथे मी तुम्हाला अहमदाबादला नेते, कारण तिथे हे अंतर कमी करून दाखवलं गेलं.

मे २०१० मध्ये अहमदाबादचं तापमान ४६.८ अंशांवर गेलं. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या मृत्यू-नोंदी काढल्या. त्यांनी "उष्माघात" असं लिहिलेले दाखले शोधले नाहीत. कारण उष्णतेनं गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बऱ्याचदा "हृदय बंद पडून" किंवा "किडनी निकामी होऊन" असं लिहिलेलं असतं. त्यांनी फक्त एवढंच मोजलं की त्या मे महिन्यात एकूण किती माणसं गेली आणि एरवीच्या मे महिन्यांत किती जातात. फरक निघाला १,३४४. एका शहरात, एका महिन्यात, १,३४४ जास्तीचे मृत्यू. ४३ टक्के वाढ!

एवढी माणसं भूकंपात गेली असती तर देश हादरला असता. पण ही माणसं घराघरात, एकेकटी, शांतपणे गेली. मोजलं नसतं तर कळलंही नसतं.

मग २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेनं गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि इतरांसोबत उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला असा पहिलाच. त्यात रॉकेट सायन्स काही नव्हतं. लाटेचा अंदाज आला की एक ठरलेला अधिकारी सगळ्या खात्यांना कळवणार. रंगांचे इशारे: पिवळा, नारिंगी, आणि ४५ अंश झाले की लाल. लोकांना मेसेज. पाणपोया. दुपारी बंद असणाऱ्या बागा उघड्या ठेवायच्या, म्हणजे मजुरांना झाडाची सावली मिळेल. डॉक्टर-नर्सना उष्माघात ओळखायचं प्रशिक्षण, १०८च्या गाडीत बर्फाच्या पिशव्या. गरीब वस्त्यांत छपरांना पांढरा चुना.

एक छोटी गोष्ट मला फार आवडते. तिथल्या एका रुग्णालयात प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, तापलेल्या स्लॅबखाली. लाटेत नवजात बाळं ताप आणि उष्णतेच्या त्रासानं अतिदक्षता विभागात यायची. कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. अभ्यासात दिसलं की उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. नवं औषध नाही, नवं मशीन नाही. फक्त जिना उतरून खाली आले.

२०१८ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की आराखड्यानंतर, २०१४ आणि २०१५ मध्ये, या शहरात वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. हवामान तेच आहे मंडळी, उलट जास्तच तापलंय. बदललं ते मधलं अंतर.

आराखडा कपाटात आणि मजूर उन्हात

पुढे नागपूरसह अनेक शहरांनी आणि राज्यांनी आराखडे केले. छान. पण २०२३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चनं अशा ३७ आराखड्यांची तपासणी केली. सगळ्यात जास्त धोका नेमका कोणाला, याचा पद्धतशीर अभ्यास ३७ पैकी फक्त २ आराखड्यांत होता. पैसे कुठून येणार याचा उल्लेख ११ मध्ये. म्हणजे कागद आहे, पण वस्ती कुठली, छप्पर कुठलं, बाई कुठली, माहीत नाही.

त्यामुळे होतं काय, की सूचना हवेत राहतात. "दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका." अरे, ज्याची मजुरी दिवसाची आहे तो चार तास घरी बसला तर चूल कशी पेटणार? "भरपूर पाणी प्या." बांधकामावरची बाई, शेतात खुरपणी करणारी बाई, रस्त्यावर उभी असलेली महिला पोलीस पाणी मुद्दाम कमी पितात. कारण आसपास जायला संडास नाही. तिच्यासाठी उष्णतेवरचा उपाय म्हणजे एक स्वच्छ, जवळचा संडास. हे कुठल्या हवामानाच्या पुस्तकात सापडत नाही, पण हेच खरं अनुकूलन आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा अंदाज आहे की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतात कामाचे ५.८ टक्के तास बुडतील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम. हे तास बुडतात ते कोणाच्या खिशातून? म्हणून सेवा या महिला कामगारांच्या संघटनेनं एक वेगळा विमा आणून बघितला. तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की दाखला नको, अर्ज नको, थोडे पैसे थेट बाईच्या खात्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बायकांना असे पैसे मिळाले. रक्कम छोटी होती. पण विचार बघा: "घरी बस" म्हणायचं असेल तर घरी बसण्याची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे.

तुमच्या हातात फोन आहे

आता तुमच्याकडे येऊ. फोनमध्ये हवामान खात्याचं मौसम अ‍ॅप घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. तापमान बघाल तेव्हा दोन गोष्टी आणखी बघा: आर्द्रता आणि रात्रीचं किमान तापमान. लागोपाठ तीन रात्री गार होत नसतील तर समजा की प्रकरण गंभीर आहे.

सीझनचं पहिलं ऊन अंगावर एकदम घेऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. नवी नोकरी, पोलीस भरतीचा सराव, मॅरेथॉन, जे असेल ते. मार्चमधलं ३९ मेमधल्या ४२पेक्षा जड जाऊ शकतं. "मी तरुण आहे, मला काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी पेन स्टेटचे प्रयोग आठवावेत.

पंखा: हवा ४०च्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो, फायदा होत नाही. अंग ओल्या फडक्यानं पुसा. घरच्या घरी जलसंजीवनी: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे. कैरीचं पन्हं, ताक, लिंबू सरबत हे आपल्या आज्यांनी शोधलेलं अनुकूलनच आहे.

उष्माघात ओळखा. अंग तापलेलं, आणि माणूस बरळतोय, गोंधळलाय, झोकांड्या देतोय किंवा बेशुद्ध झालाय. घाम थांबायची वाट बघू नका, घाम येत असतानाही उष्माघात होतो. १०८ला फोन करा, आणि गाडी यायची वाट न बघता थंड करायला लागा. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, मान-काख-जांघेत बर्फ. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. ही मिनिटं फार मोलाची असतात, तेव्हा व्हिडिओ काढणाऱ्यालाही पाणी आणायला पाठवा.

आणि गिग कामगार मित्रांनो, तुम्ही ऐकत असाल तर: दुपारच्या ऑर्डरमध्ये सावली, पाणी आणि थांबायची मुभा मागणं म्हणजे लाड नाहीत. ज्या सोसायटीत "डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये" अशी पाटी आहे, तिथल्या रहिवाशांनी किमान मे महिन्यात तरी ती पाटी काढावी.

शेवटचं सांगते. तुमच्या इमारतीत, गल्लीत, गावात सगळ्यात वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याखाली एकटं कोण राहतं, हे तुम्हाला माहीत आहे. कुठल्याही उपग्रहाला माहीत नाही. माझ्या मॉडेलला तर नाहीच. अशी दोन नावं आज फोनमध्ये वेगळी लिहून ठेवा. नारिंगी इशारा आला की सकाळ-संध्याकाळ त्यांना फोन लावा. "काकू, पाणी प्यायलात का? रात्री झोप लागली का?" एवढंच विचारा. फोन उचलला नाही, तर जिना चढून वर जा.